किशोरवयीन मुलांचं खाणं आणि दात: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा ते एकोणीस या वयातल्या मुलांचे दात आणि त्यांचं खाणं याबद्दल पालक, शिक्षक आणि खुद्द मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकच शंका अनेक तऱ्हांनी येते, म्हणून उत्तर एकाच ठिकाणी दिलं आहे आणि बाकी ठिकाणी फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक.

१. गोड खाल्लं की दात किडतात हे लहानपणापासून ऐकतोय. पण नेमकं होतं काय?

दातांवर एक चिकट, सहसा न दिसणारा थर सतत साचत असतो. त्यातल्या जिवाणूंना साखर मिळाली की ते तिचं आम्ल करतात. या थराचा पीएच (आम्लाचं माप; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या वरच्या कवचातलं, म्हणजे इनॅमलमधलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. खाणं थांबल्यावर लाळ ते आम्ल निवळते आणि निसटलेली खनिजं थोडीफार परतही बसवते. याला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात पुन्हा काही गोड तोंडात गेलं, तर सगळं पहिल्यापासून.

म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं आणि ते तोंडात किती वेळ राहिलं, हे दातांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात विपेहोल्म इथल्या रुग्णालयात, बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर, आज कुणीही परवानगी देणार नाही असा प्रयोग झाला. जेवणाबरोबर दिलेल्या साखरेने कीड थोडीच वाढली, जेवणांच्या मधल्या वेळेत दिलेल्या चिकट टॉफीने ती झपाट्याने वाढली. भात, आमटी, माशाचं कालवण, भाजी, भाकरी या आपल्या जेवणात दातांना वाईट असं फारसं काही नाहीच. घोटाळा आहे तो दोन जेवणांच्या मध्ये, आणि खालची बरीच उत्तरं तिथेच येऊन ठेपतात.

२. दुधाचे दात पडून कायमचे आले. आता एवढी काळजी कशाला?

उलट आताच. बाराव्या वर्षाच्या आसपास दुसरी कायमची दाढ येते. नुकत्याच उगवलेल्या दाताचं कवच अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. लाळेतली खनिजं घेत ते पुढची काही वर्षं घट्ट होत जातं. या दाढांच्या खाचा खोल असतात, आणि ती अगदी मागे असल्यामुळे ब्रश तिथवर पोचतच नाही. नेमक्या याच वयात हातात चार पैसे येतात, क्लास लागतो आणि एसटी स्टँडवरच्या टपरीशी ओळख होते.

३. साखरेऐवजी गूळ किंवा मध दिला तर चालेल ना?

दातांसाठी फरक शून्य. गूळ चिकटतो, म्हणून कधी कधी साखरेपेक्षा वाईट. खडीसाखरेबद्दल प्रश्न ११ पाहा.

४. मग दिवसाला साखर किती चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असली तर आणखी बरं. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, चहाचे साधारण बारा चमचे. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीतच तिशीच्या वर ग्रॅम जातात. दोन-दोन चमचे साखरेचा चहा तीनदा प्यायला तर तिथेच सहा चमचे झाले, आणि त्यात बुडवलेली बिस्किटं अजून धरलेली नाहीत.

५. झिलाचे दात कोकमान आंबतत. सरबत बंद करूचा काय?

बंद करायची गरज नाही, पण कोकम कुठल्या रूपात पोटात जातंय ते बघा. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिवाणूंनी केलेल्या आम्लाने होते ती कीड. खाण्यातल्याच आम्लाने कवच वरून पातळ होत जातं ती झीज, तिला जिवाणू लागत नाहीत. कोकम मुळातच आंबट, म्हणून झिजेचा थोडा धोका त्यात आहेच.

सोलकढीत आगळाला, म्हणजे कोकमाच्या दाट रसाला, नारळाच्या दुधाची जोड असते, साखर नसते आणि ती जेवणाबरोबर पोटात जाते. ती खुशाल प्या. सरबतात मात्र आंबट आणि साखर दोन्ही एकत्र. जेवणाच्या वेळी एक पेला घेऊन संपवला तर ठीक. मे महिन्यात फ्रीजमध्ये बाटली भरून ठेवायची आणि येता-जाता दोन घोट मारायचे, ही सवय दातांना महागात पडते. विकतच्या पाकात साखर किती ते लेबलावर वाचा, डोळे पांढरे होतील.

तिखट-मीठ लावलेली कैरी, चिंच, रातांबे, करवंदं, आवळा यांनाही हेच लागू. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची. लगेच ब्रश करायचा नाही, कारण आम्लाने मऊ झालेलं कवच ब्रशने खरवडलं जातं. अर्धा ते एक तास जाऊ द्या. आणि आंबट न खाताही गार पाणी लागत असेल, तर दात दाखवून घ्या.

६. हापूसचा हंगाम आला की मुलं दिवसभर आंबेच खातात. दातांचं काय?

ताजं फळ जेवणानंतर खाल्लं तर हापूसवर मी तरी बंदी घालणार नाही. वाईट आहे ती आंबापोळी आणि फणसपोळी. फळातलं पाणी उडालेलं, साखर आटून दाट झालेली, वर बऱ्याचदा आणखी साखर घातलेली, आणि ती दाढेच्या खाचेत अशी बसते की जिभेने उकरूनही निघत नाही. दुपारी खाल्लेल्या फणसपोळीचा तुकडा रात्री ब्रश करताना निघाल्याचं मुलं स्वतः सांगतात. द्यायचीच तर जेवणाच्या शेवटी द्या, डब्यात मधल्या सुट्टीसाठी देऊ नका. आमरसात वरून साखर घालण्याची पद्धत मला कधी कळली नाही, निदान हापूसच्या तरी.

७. मासे खाणाऱ्यांचे दात मजबूत असतात म्हणतात. आमची मुलगी मासे खात नाही, तिचे दात ठिसूळ होतील का?

नाही. अक्कलदाढा सोडल्या तर कायमच्या दातांचा दिसणारा भाग साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत बनून झालेला असतो. पंधराव्या वर्षी खाल्लेलं कॅल्शियम त्या कवचात जाऊन बसत नाही. हाडांना मात्र ते हवंच, आणि दात ज्यात रुतलेले आहेत ते जबड्याचं हाडच आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वयाला रोज १००० आणि १६ ते १८ वयाला १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. काट्यासकट चावून खाता येणारी मांदेली, बारीक तारली आणि अख्खा जवळा यांतून ते चांगलं मिळतं. सुरमईच्या तुकडीतून नाही, कारण तिचा काटा आपण ताटात काढून ठेवतो. मासे न खाणाऱ्यांसाठी नाचणी आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. एवढ्याच गाईच्या दुधात ते सव्वाशेच्या आसपास. नाचणीची भाकरी, आंबील, दही, ताक, तीळ, शेवग्याचा पाला यांतून हिशेब जमतो. दुधात चॉकलेटची पावडर आणि वर साखर घातली की तो गोड पदार्थ झाला, मग प्रश्न १ चा नियम त्यालाही लागू.

८. माझा मुलगा गोड खातच नाही, फक्त वेफर आणि खारी बिस्किटं. तरी दाढ किडली. कसं काय?

वेफर, खारी, फरसाण, नळ्या यांतलं बारीक पीठ चावल्यावर लगदा होऊन दाढांच्या खाचांत बसतं. लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य त्या पिष्टाची तिथेच साखर करतं. शिवाय पाच रुपयांच्या पाकिटांच्या पिठात बऱ्याचदा साखरही असते, खारट चवीखाली ती कळत नाही. भात, पेज किंवा भाकरीचं असं होत नाही. ती जेवणात खाल्ली जातात आणि तोंडातून लवकर निघून जातात.

मधल्या वेळेला भाजलेले शेंगदाणे, चणे, काजू, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, उकडलेलं अंडं, काकडी, घरचे पोहे यांतलं काहीही चालेल. ओलं खोबरं तर कोकणात कुठल्याही घरी असतं, ते चावायलाही लागतं आणि चावण्याने लाळ सुटते.

९. मी कबड्डी खेळतो. सरावाला घाम खूप जातो म्हणून एनर्जी ड्रिंक किंवा ग्लुकोज घेतो. त्याने दात खराब होतात का?

होतात, आणि सरावाच्या वेळी जास्तच. तोंड कोरडं पडलेलं असतं, लाळ कमी असते, आणि तू तासभर घोट घोट घेत असतोस. एनर्जी ड्रिंकमध्ये साखर, आम्ल आणि वर कॅफीन. लिंबाच्या चवीच्या ग्लुकोज पावडरीतही साखरेबरोबर सायट्रिक आम्ल असतं. तास-दीड तासाच्या सरावाला साधं पाणी पुरतं. उन्हात जास्त वेळ खेळलास तर मीठ घातलेलं ताक घे, नाहीतर शहाळं. शहाळ्यातही साखर असते, पण बाटलीतल्या पेयांपेक्षा पुष्कळ कमी. डाएट कोलाने कीड लागत नाही, झीज मात्र होते (प्रश्न ५). आणि उन्हाळ्यात चोखतात ती प्लास्टिकच्या नळीतली रंगीत ‘पेप्सी’ म्हणजे गोठवलेलं साखरपाणी, तेही सावकाश चोखलेलं.

१०. दहावीचं वर्ष आहे. रात्री दोनपर्यंत अभ्यास, मध्ये दोनदा चहा-बिस्किट. ब्रश जेवल्यावर करते. पुरेसं आहे का?

ब्रश चुकीच्या वेळी होतोय. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे शेवटच्या बिस्किटाचं पीठ सकाळपर्यंत तिथेच राहतं. झोपण्याआधीची शेवटची गोष्ट ब्रशच असू दे, त्यानंतर फक्त पाणी. दोन वाजता कंटाळा येतो हे कबूल, म्हणून असं कर: जेवणानंतर ब्रश, आणि पुढे बिनसाखरेचा चहा किंवा साधं दूध, बरोबर मूठभर शेंगदाणे. झोपताना चूळ भर.

पेस्ट फ्लोराइडची घे. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड घालायला परवानगी आहे आणि प्रमाण ट्यूबवर छापलेलं असतं. ब्रश झाल्यावर थुंकून टाक, भरपूर पाण्याने धुऊन काढू नकोस. सुटलेली खनिजं परत बसायला फ्लोराइडची मदत होते.

११. गणपतीत दहा दिवस घरोघरी प्रसाद, रात्री भजनाला चहा आणि लाडू. मुलांना नको कसं म्हणायचं?

नको म्हणूच नका. ताटावर बसून, तूप घालून चार उकडीचे मोदक खाल्ले तर दातांचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते वाडीभर आरत्या करत फिरताना. एका घरी पेढा, दुसरीकडे करंजी, तिसरीकडे पंचखाद्य. त्या पंचखाद्यातला खडीसाखरेचा खडा पोरं गालात धरून पुढच्या घराच्या पायऱ्या चढतात, आणि तो विरघळेपर्यंत आम्ल तयार होत राहतं. माझ्या मते सगळ्या प्रसादांत दातांचा मोठा शत्रू तो खडा आहे.

उपाय साधा आहे. प्रत्येकाकडे एक छोटा डबा द्या. प्रसाद घ्यायचा, कणभर तोंडात टाकून बाकी डब्यात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जेवताना खायचा. देवाचा मानही राहतो. दुसरी अडचण रात्रीची. भजन संपतं तेव्हा माजघरात चाकरमान्यांची आणि घरची मिळून दहा पोरं आडवी झालेली असतात, आणि कुणाचा ब्रश कुठल्या बॅगेत आहे हे त्यांच्या आयांनाही ठाऊक नसतं. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे ब्रश नावं लिहून न्हाणीघराजवळ एका तांब्यात उभे करून ठेवा. भजनाला बसण्याआधी सगळ्यांनी ब्रश करायचा, मग रात्री चहा नाही, पाणी. शिमग्यालाही हीच पद्धत चालते.

१२. उपवासाला काय खावं?

साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचे तांदूळ एका वेळी पोटभर खाऊन उठावं. दिवसभर खजूर, राजगिऱ्याची चिक्की आणि गोड चहा चालू राहिला, तर तो दातांवरच्या जिवाणूंचा सण समजा.

१३. तारा लावल्या आहेत. जत्रेत खाजं खाल्लं तर चालेल?

नाही, निदान तारा निघेपर्यंत. मालवणी खाजं कडकही असतं आणि गुळाने चिकटही, दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा ब्रॅकेट उखडायला दोन्ही पुरे. कडक बुंदीचा लाडू, चिक्की, कणीस, ऊस, बर्फ हेही टाळ. सफरचंद, पेरू कापून खा. कुर्ल्यांच्या नांग्या दातांनी फोडायच्या नाहीत, वरवंट्याने फोडून घे (खरं तर तारा नसतानाही). माशाचा काटा तारेत अडकला तर ओढू नकोस, चूळ भर आणि मग छोट्या ब्रशने काढ. ब्रॅकेटच्या भोवती थर साचून राहिला तर तारा निघाल्यावर तिथे पांढरे डाग दिसतात. ते कीड लागण्याची सुरुवात असते, म्हणून या दोन वर्षांत मधलं गोड जितकं कमी तितकं बरं.

१४. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. व्हिटॅमिन सी कमी पडतंय का?

बहुधा नाही. वयात येताना संप्रेरकांमुळे हिरड्या थोड्याशा थरानेही सुजतात आणि रक्त येतं. मुलं घाबरून तिथे ब्रश करायचं सोडतात आणि दुखणं वाढतं. मऊ ब्रशने नीट साफ केल्यावर आठ-दहा दिवसांत फरक पडतो. व्हिटॅमिन सी हवंच असेल तर आवळा, पेरू आहेत, आणि मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेत पडून कुजणारे बोंडू आहेत. बोंडूत संत्र्याच्या कित्येक पट व्हिटॅमिन सी असतं. रक्त थांबत नसेल किंवा अंगावर उगाच काळे-निळे डाग उठत असतील, तर डॉक्टरांकडे जा.

१५. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. तिने दात काळे होतात म्हणून मुलगी घेत नाही.

गोळी पाण्याबरोबर गिळली की ती दातांना लागतच नाही. डाग पडतात ते पातळ टॉनिकने, आणि ते दंतवैद्य घासून काढू शकतात. गोळीने शौच काळसर होतं, त्याला घाबरू नये. मुलींना या वयात लोहाची गरज मोठी असते, गोळी चुकवू देऊ नका. जांभळाचा किंवा चहाचा डागही वरवरचाच.

१६. मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी. तीही पाकिटातली गोड. चालेल ना?

नाही. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तसं ठरवलं. त्याआधी होतो तो सबम्यूकस फायब्रोसिस: गालाची आतली त्वचा ताठ होते, तिखट कालवण तोंडाला झोंबतं आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघ. जात नसतील तर आजच दाखव, कारण आलेला ताठरपणा पूर्णपणे जात नाही. श्रीवर्धनकडे घरच्याच बागेतली रोठा सुपारी असते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आजीच्या डबीतली मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, तिने दात घासणं हे तंबाखू खाणंच आहे.

१७. मुलाला टाइप १ मधुमेह आहे. शुगर उतरली की ग्लुकोज द्यावंच लागतं. दातांसाठी दुसरं काही देऊ का?

देऊ नका. शुगर उतरली असताना दातांचा विचार करायचाच नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं ग्लुकोज ताबडतोब द्यायचं. मुलगा सावरला की पाण्याने चूळ, एवढं पुरे. शुगर सतत चढी राहिली तर हिरड्या लवकर बिघडतात, म्हणून दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्या.

१८. मैत्रीण बारीक होण्यासाठी जेवल्यावर मुद्दाम उलटी करते. तिचे पुढचे दात आंबतात म्हणते. संबंध आहे का?

आहे. पोटातल्या आम्लाने वरच्या पुढच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू झिजते. उलटीनंतर लगेच ब्रश नको, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी. पण दात ही यातली लहान गोष्ट आहे. तिने घरच्या मोठ्यांशी किंवा डॉक्टरांशी बोलायला हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तू तिच्यासोबत बसून फोन लावलास तर तिला सोपं जाईल.

१९. दोन भावंडं, एकच घर, एकच ताट. थोरलीला एकही कीड नाही, धाकट्याच्या दाढा किडलेल्या. असं का?

ताट एक असलं तरी मधल्या वेळा एक नसतात, आधी तिथे बघा. त्यानंतर बाकीची कारणं. काहींच्या दाढांच्या खाचा जन्मतःच खोल असतात, काहींचं कवच बनतानाच कच्चं राहतं, दाटीवाटीने आलेल्या दातांमध्ये ब्रश जात नाही. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. दम्याचा पंप घेतल्यावर चूळ भरायची असते, ती बरीच मुलं भरत नाहीत. गोड सिरपची औषधं वर्षानुवर्षं झोपताना घेतलेली असतात.

खोल खाचांवर दंतवैद्य सीलंट, म्हणजे खाच बुजवणारा पातळ लेप, भरतात. दुखत नाही, कापाकापी नाही, आणि दुसरी दाढ नुकतीच आली असताना त्याचा उपयोग सर्वात जास्त. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यात दातही बघतात आणि पुढे सरकारी रुग्णालयात पाठवतात. तिथून आलेली चिठ्ठी दप्तरात तशीच राहू देऊ नका. दंतवैद्याकडे जाताना धाकट्याने तीन दिवसांत जे जे तोंडात घातलं ते वेळेसकट कागदावर लिहून न्या. शेजारच्या काकूंकडचा अर्धा कप चहा आणि क्लासला जाताना खाल्लेली गोळीसुद्धा.